नावाची तारीख

नाव ठेवायचे काम कवीकडे आले की लोकांना वाटते, काम फुकटात झाले. माझ्या धाकट्या बहिणीलाही तसेच वाटले. १९९८ साली मेहुण्यांची कापड गिरणीतली नोकरी गेली आणि बार्शीच्या राहत्या घरात तिने काळा मसाला करून विकायला सुरुवात केली. पहिले काही महिने मसाला वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून जाई. मग प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, पिशवीवर चिठ्ठी हवी झाली, आणि ती माझ्याकडे आली. ‘भाई, तू कविता करतोस, एक नाव दे.’ मी ‘उंबरा’ हे नाव दिले. गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर उभे राही आणि ती उंबऱ्याच्या आत बसून मसाला तोलून देई, म्हणून उंबरा. त्याखाली तेच नाव उर्दू अक्षरांत मी स्वतः काढून दिले. मोबदला पाव किलो मसाला. कवितेला इतके मानधन मला आजही क्वचितच मिळते.

चोवीस वर्षे कुणी त्या नावाकडे वाकड्या नजरेने पाहिले नाही. २०२२ च्या मे महिन्यात भाचा एक पाकीट घेऊन माझ्या घरी आला. रंग तोच, मिरच्यांचे चित्र जवळपास तेच, आणि नाव ‘उंबर मसाले’. शेजारच्या तालुक्यातल्या एका व्यापाऱ्याने काढले होते. एका कान्याचा फरक. भाच्याला राग आला होता, पण काळजी नव्हती. म्हणाला, ‘मामू, नाव आपलंच आहे. गुमास्त्यावर आहे, अन्नसुरक्षेच्या परवान्यावर आहे, जीएसटीवर आहे, बँकेच्या खात्यावर आहे.’

हा गैरसमज माझाही होता, आणि ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांचा असेल. गुमास्ता परवाना एवढेच सांगतो की अमुक ठिकाणी दुकान आहे. अन्नसुरक्षेचा परवाना सांगतो की खाण्याचा पदार्थ तपासणीच्या कक्षेत आहे. जीएसटीला आपल्या करात रस, नावात नाही. यांतला एकही कागद देताना ‘या नावाचा दुसरा कोणी आहे का, आणि आधीचा कोण?’ असे कोणी विचारत नाही. ते विचारणारे कार्यालय एकच, ट्रेडमार्क रजिस्ट्री. तिचे मुख्यालय मुंबईत ॲन्टॉप हिलला आहे आणि महाराष्ट्रातले अर्ज तिथेच जातात. कायदा १९९९ चा, अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून, आणि सध्याचे नियम २०१७ चे. अर्ज घरबसल्या संगणकावरून करता येतो.

अर्जाआधी शोध घ्यायचा. रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर तो फुकट घेता येतो आणि नुसत्या अक्षरांचा नव्हे, उच्चाराचाही घेता येतो. भाच्याने घेतला, तेव्हा कळले की त्या व्यापाऱ्याने फेब्रुवारीतच अर्ज टाकला होता. वापर कधीपासून, या रकान्यात त्याने लिहिले होते की नाव अजून वापरायचे आहे. त्या वेळी मला या ओळीचे महत्त्व कळले नाही.

आम्ही एक वकील गाठले. त्यांनी कागदांची यादी दिली. ती ऐकताना सोपी वाटली. आमच्या घरात तिला दोन महिने लागले.

पहिला प्रश्न, अर्ज कोणाच्या नावाने? भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, कंपनी असेल तर कंपनीच्या नोंदणीचा दाखला, एकट्याचा धंदा असेल तर त्या माणसाचे पॅन आणि आधार. भाच्याचे म्हणणे, माझ्या नावाने करू, सगळे व्यवहार मीच बघतो. बहीण काही बोलली नाही, उठून कांदा परतायला गेली. मला राहवले नाही. ट्रेडमार्क ही मालमत्ता आहे. ती विकता येते, लिहून देता येते, वारसाने जाते. ज्या बाईने धुरात चोवीस वर्षे मिरच्या भाजल्या तिच्या नावावर ही एक तरी मालमत्ता असू दे, असे मी म्हणालो. भाचा मुकाट झाला. गुणी मुलगा आहे.

मग अडले ते तिच्या नावापाशी. पॅनवर तिच्या नावापुढे ‘बी’, आधारवर ‘बेगम’, बँकेच्या जुन्या पासबुकावर दोन्ही नाही, आणि आडनावाची इंग्रजी स्पेलिंगे तीन. आमच्या समाजात हे घरोघरी आहे. शाळेत मास्तरांनी एक लिहिले, रेशनच्या कचेरीत दुसरे, आणि आपण सगळ्यांना ‘हो’ म्हटले. शेवटी या तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र करावे लागले. बायाबापड्यांनो, अर्जाच्या आधी आपली कार्डे शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचा.

फीचा हिशेब असा. एकटी व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर संगणकावरून अर्जाला ४५०० रुपये, बाकीच्यांना ९०००. प्रत्यक्ष कागदावर अर्ज दिला तर ५००० आणि १००००. भागीदारी संस्थेला लघुउद्योगाची सवलत हवी असेल तर उद्यम नोंदणीचा दाखला जोडावा लागतो. बहिणीला एकट्या व्यक्तीची सवलत आपोआप मिळाली. ही फी एका वर्गाची. जगातल्या सगळ्या माल-सेवांचे ४५ वर्ग केले आहेत, पहिले ३४ मालाचे, पुढचे ११ सेवांचे. मसाला वर्ग ३० मध्ये येतो आणि लोणचे वर्ग २९ मध्ये! एकाच चुलीवरचे दोन पदार्थ, पण फी दोनदा. ज्या मालाचा वर्ग घेतला नाही, त्यावर नोंदणीचे छत्र आपोआप येत नाही. वकिलामार्फत अर्ज करायचा तर त्यांना अधिकारपत्र द्यायचे. मूळ अर्जाचा नमुना टीएम-ए.

चिन्हाची प्रतिमा जोडायची असते, आठ सेंटिमीटर बाय आठच्या आत. आमच्या चिठ्ठीचे रंग लाल आणि काळे. वकिलांनी काळ्या-पांढऱ्यात दिली. रंगाची मर्यादा घातली नाही तर नोंद सगळ्या रंगांना लागू होते. रंगीत देऊन रंगांवर हक्क सांगितला तर त्याच रंगांत अडकतो. चिठ्ठी चित्रकाराकडून करून घेतली असेल तर त्याच्याकडून हक्क लेखी घ्यावा. आमचा चित्रकार मीच. मी बहिणीला एका कागदावर सही करून दिली. तिने विचारले, ‘अजून पाव किलो हवा का?’

खालच्या उर्दू अक्षरांमुळे आणखी एक काम निघाले. नावात हिंदी-इंग्रजीखेरीज दुसरी लिपी असेल तर त्या शब्दाचे लिप्यंतर आणि अर्थ द्यावा लागतो, भाषा कोणती तेही. वकिलांच्या कचेरीतल्या मुलाने लिप्यंतर केले ‘उंब्रा’. बिचाऱ्याची चूक नाही. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. पण इंग्रजी अक्षरांत उंब्रा म्हणजे सावली. मराठी शब्द, उर्दू लिपी आणि इंग्रजी अर्थ, अशी त्रिवेणी झाली असती. मी बी.ए. मराठी घेऊन झालो, त्याचा धंद्यात उपयोग झाला तो एवढाच.

नावाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण त्यावर बरेच अर्ज अडतात. मालाचे नुसते वर्णन करणारे नाव चालत नाही. ‘झणझणीत’ हे नाव मी दिले असते तर आक्षेप आला असता; झणझणीत प्रत्येकाचाच मसाला असतो, तो शब्द एकट्याला कसा द्यायचा? पवित्र ग्रंथांच्या नावांचेही तसेच. उदबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावरचा एकट्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली नाकारला. उंबऱ्याचा मसाल्याशी अर्थाने काही संबंध नाही, म्हणूनच तो चालला. कवितेतही बहुधा असेच असते, पण तो विषय आजचा नाही.

आता मुख्य कागद. नाव अर्जाच्या आधीपासून वापरात आहे असे म्हणायचे असेल तर कधीपासून ती तारीख द्यायची, त्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करायचे आणि पुरावे जोडायचे. कचेरीतल्या त्याच मुलाने घाईत कच्च्या अर्जात त्या व्यापाऱ्यासारखेच लिहिले होते: वापरायचे आहे. भाचा सही करायला आईकडे कागद घेऊन आला आणि तिने, जी सातवी शिकली आहे, तिने विचारले, ‘वापरायचे आहे म्हणजे? मग मी इतकी वर्षे काय केले?’ त्या एका ओळीने चोवीस वर्षे पुसली गेली असती. आमचा अर्ज त्या व्यापाऱ्याच्या पाच महिने मागे होता. आमच्या हातात जे होते ते फक्त जुना वापर.

मग पुराव्यांचा शोध. बहिणीकडे बिस्किटांचे तीन डबे भरून बिले होती. पण मिरचीची बिले, धन्याची बिले, कांडप यंत्राच्या दुरुस्तीची बिले यांवर ‘उंबरा’ कुठेच नाही. धंदा होता हे त्यांतून कळते, नाव होते हे कळत नाही. तिच्या विक्रीच्या वहीतही नुसते ‘मसाला दोन किलो’. नाव असलेले कागद निघाले ते असे: बचत गटांच्या प्रदर्शनातल्या गाळ्याची २००३ ची पावती, गावच्या दैनिकातली एक जाहिरात, पुढच्या काळातली छापील बिले, आणि सगळ्यांत खाली, तेलकट डाग पडलेले, छापखान्याचे मार्च १९९९ चे बिल: ‘उंबरा मसाले, चिठ्ठ्या, नग एक हजार’.

वकील म्हणाले, तारीख मार्च १९९९ टाकू. बहीण हटून बसली. म्हणाली, ‘मी ९८ च्या पावसाळ्यात सुरू केलं. शपथेवर सांगायचं तर खोटं नाही सांगणार.’ बराच वेळ कोणालाच उत्तर सुचेना. मग मीच विचारले, पुड्या वर्तमानपत्राच्या होत्या तेव्हा त्यांच्यावर नाव होते? नव्हते. नाव आले ते चिठ्ठ्यांबरोबर. धंद्याचा जन्म १९९८ चा, नावाचा १९९९ चा. रजिस्ट्रीला फक्त नावाची तारीख हवी असते, आणि ती माल ज्या दिवशी त्या नावाने विकला जातो त्या दिवसाची. तिला पटले. तिने सही केली. छापखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत. त्याने ते बिल दिले नसते, किंवा बहिणीने रद्दीत घातले असते, तर मी आज वेगळेच भाषण दिले असते.

पुढचे थोडक्यात. अर्ज जुलै २०२२ मध्ये गेला. तपासणीचा अहवाल आला, त्यात आधीचा ‘उंबर’ दाखवून आक्षेप होता. उत्तराला तीस दिवस असतात. उत्तर दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे धरतात. आम्ही प्रतिज्ञापत्र आणि ते बिल पुढे केले. दरम्यान त्या व्यापाऱ्याचा अर्ज ट्रेडमार्क्स जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. हे जर्नल दर सोमवारी निघते, आणि प्रसिद्धीपासून चार महिन्यांत कोणालाही हरकत घेता येते. भाचा दर सोमवारी ते उघडून बघत होता. २७०० रुपये भरून आम्ही हरकत घेतली. त्याला उत्तर द्यायला दोन महिने होते. त्याने दिले नाही, आणि कायद्याने त्याचा अर्ज तिथेच संपला. आमची सुनावणी व्हिडिओवरून झाली, बहीण पदर सावरून मोबाइलसमोर बसली होती, बोलले वकीलच. मग आमचे नाव जर्नलमध्ये आले, चार महिने कोणी हरकत घेतली नाही, आणि २०२४ साली दाखला मिळाला.

त्यानंतरच पाकिटावर गोलातला ‘आर’ छापला. तोवर ‘टीएम’ ही दोन अक्षरे लावायला कोणाची ना नसते, पण नोंदणी नसताना ‘आर’ लावणे गुन्ह्यात मोडते. नोंद दहा वर्षांची, तीही अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे जुलै २०३२ ला नूतनीकरण. सलग पाच वर्षे नाव वापरले नाही तर ते काढून टाकायची मागणी होऊ शकते, म्हणून बिले ठेवणे थांबलेले नाही. बहिणीने चौथा डबा आणला आहे, आणि त्यात आता फक्त नाव असलेले कागद जातात. लोणच्याचा वर्ग २९ मात्र अजून राहिला आहे. भाचा म्हणतो, कैऱ्या आल्या की बघू.