नारिंगी विमान आणि तापलेली गिऱ्हाइकं

इझीजेट या स्वस्त विमान कंपनीने प्रवास केलेला ब्रिटिश माणूस तिच्याबद्दल दोन वाक्यं हमखास बोलतो. पहिलं तक्रारीचं. दुसरं, ‘पण तिकीट केवढ्याला पडलं, माहितेय?’ या दोन वाक्यांमधल्या जागेत ही कंपनी १९९५ पासून धंदा करते आहे. पल्ले बहुतेक युरोपातले, दोन-अडीच तासांचे. विमानं खच्चून भरलेली. आणि रंग इतका भडक की डोळे मिटले तरी दिसावा. तिच्या प्रवाशांनी काय काय पाहिलं, भोगलं आणि सुनावलं, त्यातल्या या काही गमती.

जीन्सच्या भावात स्कॉटलंड

१० नोव्हेंबर १९९५. ल्यूटन ते ग्लासगो हे पहिलं उड्डाण, एका बाजूचं भाडं २९ पौंड. मालक स्टेलिओस हाजी-इओआनू, वय वर्षं २८, एका ग्रीक-सायप्रिऑट जहाजसम्राटाचा मुलगा. भांडवल वडिलांकडचं, विमानं भाड्याची. फुकट जेवण नाही, मधला एजंट नाही. तिकीट हवंय? फोन करा. नंबर शोधायची गरजच नव्हती, तो विमानाच्या अंगावर माणसाएवढ्या नारिंगी आकड्यांत रंगवला होता. जाहिरात सांगायची की एका जीन्सच्या किमतीत स्कॉटलंड गाठा. लोकांनी नाकं मुरडली आणि फोन फिरवले.

ल्यूटनची निवडही मजेशीर. हा विमानतळ म्हणजे ब्रिटिशांच्या चेष्टेचा हक्काचा विषय. सत्तरच्या दशकात कँपारी या मद्याची एक टीव्ही जाहिरात गाजली होती. त्यात एक रुबाबदार गृहस्थ समोरच्या सुंदरीला अलंकारिक भाषेत विचारतो, आपण थेट स्वर्गातून अवतरलात का? ती ठसकेबाज लंडनी हेलात सांगते, छे, ल्यूटन विमानतळावरून! त्यावर पुढे १९७९ मध्ये एक पॉप गाणंसुद्धा आलं. अशा ठिकाणी बस्तान बसवणाऱ्या माणसाला लोक हसले तर नवल नाही. त्याला मात्र स्वस्त धावपट्टी हवी होती.

शत्रूच्या विमानात फुकट तिकिटं

ब्रिटिश एअरवेजने मे १९९८ मध्ये ‘गो’ नावाची स्वतःची स्वस्त कंपनी काढली. स्टॅनस्टेडहून रोमला जाणाऱ्या तिच्या पहिल्याच विमानात नारिंगी बॉयलर सूट घातलेली एक टोळी चढली. टोळीचा म्होरक्या खुद्द स्टेलिओस! रीतसर तिकीट काढून आलेला, त्यामुळे उतरवणार कसं? त्याने गोच्या प्रवाशांना इझीजेटची फुकट तिकिटं वाटली. दुसऱ्याच्या मांडवात जाऊन आपल्या लग्नाच्या पत्रिका वाटायचा हा प्रकार. चार वर्षांनी, २००२ मध्ये, इझीजेटने गो कंपनीच ३७.४ कोटी पौंडांना विकत घेतली.

भांडा, आम्ही शूटिंग करतो

आता खरी कमाल. १९९९ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवरची ‘एअरलाइन’ नावाची मालिका इझीजेटकडे वळली. विषय: इझीजेटचे चेक-इन काउंटर. विमान अजून समोर उभं आहे, पण काउंटर बंद झालाय. प्रवासी टेबलावर मुठी आपटतोय, कुणी रडतंय, कुणी झिंगलंय, आणि पलीकडची मुलगी शांतपणे सांगतेय की नियम म्हणजे नियम. कुठल्याही दुसऱ्या कंपनीने कॅमेरेवाल्यांना दारातून हाकललं असतं. इझीजेटने वर्षानुवर्षं आत घेतलं. २००७ पर्यंत ही भांडणं घराघरांत चवीने पाहिली गेली, आणि प्रत्येक भांडणामागे नारिंगी पाटी दिसत राहिली. माझ्या मते जाहिरातीच्या इतिहासात शिव्यांचा इतका फायदेशीर वापर दुसऱ्या कुणी केलेला नाही.

जागा धरण्याची शर्यत

२०१२ च्या हिवाळ्यापर्यंत इझीजेटच्या तिकिटावर सीट नंबरच नसायचा. दार उघडलं की पळायचं, मिळेल तिथे बसायचं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना ते दृश्य अगदी घरचं वाटलं असतं. जादा पैसे भरून आधी चढायची सोय होती, पण तिच्यात एक मेख. विमान लांब उभं असलं की सगळे एकाच बसमधून जायचे. पैसे मोजलेला आधी बसमध्ये शिरायचा, गर्दीने आत रेटला जायचा आणि फुकट्यांच्या मागून उतरायचा. या एका गोष्टीवर प्रवाशांनी कंपनीला जेवढं सुनावलं, तेवढं क्वचितच दुसऱ्या कशावर. अखेर नोव्हेंबर २०१२ पासून सगळ्यांना नंबर मिळाले.

१९ जण उतरा, मग उडतो

जुलै २०२३, लांझारोटे बेट. लिव्हरपूलला निघालेल्या विमानात कॅप्टन प्रवाशांशी बोलायला आला. धावपट्टी आखूड, वारा प्रतिकूल, उन्हाळा, त्यात विमान गच्च भरलेलं. या वजनाने उडता येणार नाही. कुणी आपणहून उतरणार असेल तर ५०० युरोपर्यंत मोबदला मिळेल. १९ जण उतरले! कॅप्टनच्या त्या मोकळ्या बोलण्याचा व्हिडिओ जगभर फिरला.

२०१९ चा ऑगस्ट कंपनीसाठी वाईट निघाला. ल्यूटन-जिनिव्हा विमानात पाठ नसलेल्या, नुसत्या सांगाड्याच्या सीटवर बसलेल्या बाईंचा फोटो समाजमाध्यमांवर आला. त्या सीटवर प्रवासाला कुणालाही बसवत नाही, असं स्पष्टीकरण नंतर आलं, पण त्याआधी ‘फोटो काढून टाकता का?’ अशी विनंती करून कंपनीने स्वतःचं पुरतं हसं करून घेतलं होतं.

आणि लगेच सप्टेंबरमध्ये मँचेस्टरला उलटी गंमत. अलिकांतेचं विमान वैमानिकाअभावी रखडलं. ताटकळलेल्या प्रवाशांत इझीजेटचाच एक वैमानिक निघाला, बायको-मुलासह सुट्टीवर चाललेला. परवाना जवळ होता. त्याने ऑफिसला फोन लावून विचारलं, मी नेऊ का? होकार आला आणि हा गडी सुट्टीच्या कपड्यांतच विमान घेऊन निघाला. त्या दिवशी तक्रारींऐवजी टाळ्या पडल्या.

टाळ्यांचा आणखी एक प्रसंग फेब्रुवारी २०२३ चा. रेक्याविकहून मँचेस्टरला येताना आकाशात उत्तर ध्रुवीय प्रकाश पेटला होता, पण दिसत होता एकाच बाजूच्या खिडक्यांतून. वैमानिकाने हवेतच विमानाची पूर्ण गिरकी घेतली, म्हणजे दोन्ही बाजूंना दर्शन. ज्या कंपनीत पाण्याचेही पैसे पडतात, तिथे हे फुकट!

नावाचं भाडं

‘इझी’ हे नाव कंपनीचं स्वतःचं नाही. ते स्टेलिओसच्या इझीग्रुपचं आहे आणि ते वापरण्यासाठी इझीजेट आपल्या उलाढालीचा ०.२५ टक्के हिस्सा देते. या नावाने हॉटेलं निघाली, क्रूझ निघाली, २००३ मध्ये मिल्टन कीन्सला २० पेन्सपासून तिकीट असलेलं सिनेमागृहसुद्धा निघालं आणि बंद पडलं. नावाबद्दल मालक भलताच हळवा. लेस्टरच्या ‘इझी लाइफ’ या बँडवर २०२३ मध्ये दावा ठोकला गेला. कोर्टकचेरीचा खर्च परवडणार नाही म्हणून पोरांनी नाव बदललं. नवं नाव: ‘हार्ड लाइफ’.

जाता जाता कामाचं. युरोप सहलीत लेकाकडे किंवा भाचीकडे लंडनला उतरून पुढे इझीजेट पकडणार असाल तर फुकटात एकच छोटी बॅग नेता येते: ४५ × ३६ × २० सेंटिमीटर, पुढच्या सीटखाली मावणारी. वरच्या कप्प्यातली मोठी बॅग २०२१ पासून पैसे भरल्याशिवाय नाही. माप घेताना चाकं आणि कडीही धरा, कारण गेटवरचा मापाचा साचा त्यांना वगळत नाही. आणि तिकिटावर ‘लंडन ल्यूटन’ असेल तर घरून लवकर निघा. ल्यूटन लंडनमध्ये नाही, बेडफर्डशायरमध्ये आहे.