रॉक अँड रोल, व्हाया गोरेगाव

हिंदी सिनेमातलं पहिलं रॉक अँड रोल गाणं कोणतं? बहुतेक जण ‘आशा’मधल्या ‘ईना मीना डीका’चं नाव घेतात. साल १९५७. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर. शास्त्रीय संगीताची तालीम कोणाची? विनायकबुवा पटवर्धनांची!

पण अण्णांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा, हा नाद त्याच्या कितीतरी आधीचा. गोरेगावच्या फिल्मिस्तान स्टुडिओचा ‘शहनाई’ १९४७ सालचा. त्यातल्या ‘आना मेरी जान’मध्ये गिटार, माउथ ऑर्गन, सॅक्सोफोन आणि वर चक्क शिट्टी! तेव्हा ‘रॉक अँड रोल’ हा शिक्का अमेरिकेतही रुळला नव्हता.

शिक्क्यांची गंमत तिकडेही तीच. कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्डींची यादी ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून छापायचं. १९४९मध्ये तिचं नाव ‘रिदम अँड ब्लूज’ झालं. पुढे रॉक अँड रोलचा गाजावाजा झाला, तेव्हा फॅट्स डॉमिनोनं सांगून टाकलं की हे तर रिदम अँड ब्लूजच, न्यू ऑर्लिन्सला आम्ही वर्षानुवर्षं हेच वाजवतोय. वाजवणाऱ्याचं हे म्हणणं मला कुठल्याही व्याख्येपेक्षा पटतं.

आता १९५१. मेम्फिसमध्ये ‘रॉकेट ८८’ रेकॉर्ड झालं. पहिल्या रॉक अँड रोल रेकॉर्डचा मान अनेक जण त्यालाच देतात. त्याच वर्षी इकडे भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. ‘शोला जो भडके’त बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन सगळं हजर! गायला लताबाई आणि स्वतः अण्णा, ‘चितळकर’ या नावानं. सिनेमात ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात. हे गोव्यातल्या हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, अण्णांचे सहायक आणि ‘मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग’. अशा गोवेकर वादकांची नावं श्रेयनामावलीत क्वचितच आली, ही बोच मात्र कायमची.

‘अलबेला’ला कुठल्या खणात ठेवायचं, हा प्रश्न गणपती विसर्जनाला कुणालाच पडत नाही. मुलुंड असो की बोरिवली, बेंजोवर ‘भोली सूरत’ सुरू झालं की सगळ्यांचे हात भगवानदादांसारखे हलायला लागतात.

आणि अण्णांना ‘पाश्चात्त्य’ म्हणून मोकळं व्हावं, तर १९५३चा ‘अनारकली’ आडवा येतो. तोही फिल्मिस्तानचाच, आणि त्यातलं ‘ये जिंदगी उसी की है’ भीमपलासातलं. पुढे याच अण्णांनी गदिमांच्या ‘गीतगोपाल’ला चाली लावल्या.