अहवालातील शेवटची ओळ

सार्वजनिक वाचनालयांचे वार्षिक अहवाल ज्यांच्या हाती नित्य पडतात, त्यांना त्यांची मांडणी एव्हाना पाठ झाली असेल. आरंभी दिवंगतांना श्रद्धांजली, मग ग्रंथसंख्या व सभासदसंख्या आणि त्यानंतर कार्यक्रमांचा सविस्तर वृत्तांत : व्याख्यानमाला, ग्रंथप्रदर्शन, बालवाचकांचे सुट्टीतील शिबिर, स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका. अगदी अखेरीस, आभारप्रदर्शनाच्या ओघात, एक ओळ येते : सेवकवर्गाचे सहकार्य नेहमीप्रमाणे लाभले. कोणी निवृत्त झाला असेल, तर शाल-श्रीफळाची नोंद होते. त्या शाल-श्रीफळाबरोबर निवृत्तिवेतन होते काय, हे मात्र अहवाल सांगत नाही.

कार्यक्रमांना कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) अशा ठिकाणी वाचनालये निघाली, ती केवळ पुस्तकांची कोठारे म्हणून नव्हेत. गावाने एकत्र बसावे, ऐकावे, वाद घालावा, ही त्यांमागची प्रेरणा होती. तालुक्याच्या गावी आजही पोटतिडकीने बोललेले व्याख्यान फुकट ऐकावयास मिळते, ते बहुधा वाचनालयाच्याच सभागृहात. परंतु सभागृहात खुर्च्या मांडणारा आणि व्याख्यान संपल्यावर दिवे मालवून कुलूप लावणारा माणूस कोणत्या वेतनावर राबतो, हा प्रश्न श्रोत्यांपैकी किती जणांच्या मनात येतो?

ग्रंथालयांना कायद्याचा आधार देण्यात मराठी मुलूख मागे नव्हता. भारतातील पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानात झाला. महाराष्ट्राचा अधिनियम १९६७ चा. त्याने मान्यताप्राप्त वाचनालयांना 'अ' ते 'ड' वर्गांनुसार अनुदान मिळू लागले आणि खेडोपाडी वाचनालये उभी राहिली. मात्र दक्षिणेकडील राज्यांप्रमाणे ग्रंथालय कर आपण बसविला नाही. वाचनालये खाजगी संस्थांची राहिली आणि सेवक त्या संस्थांचे नोकर. अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठी, निम्मा ग्रंथखरेदी व इतर खर्चासाठी. 'ड' वर्गाच्या वाचनालयाने वेतनाचा हा भाग बाराने भागून पाहावा. त्या रकमेत एका कुटुंबाचा महिना निघणे शक्य नाही. अनुदानात २०२२ साली ६० टक्के वाढ जाहीर झाली, तिचे स्वागतच आहे. पण मुळात तुटपुंज्या रकमेत झालेली वाढ ही काही वेतनश्रेणी नव्हे.

यावर संचालक मंडळींचे उत्तर ठरलेले असते : आम्ही स्वतः विनामोबदला काम करतो, वर्गणी वाढविली तर सभासद गळतात, मग द्यायचे कोठून? ही अडचण खरी आहे. तथापि पदाधिकाऱ्याची निष्ठा फावल्या वेळाची असते, सेवकाची निष्ठा त्याच्या उपजीविकेच्या मोबदल्यात मागितली जाते. हे दोन त्याग एका तराजूत घालता येणार नाहीत.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील अखेरचे सूत्र ग्रंथालयास वाढता जीव मानते, आणि ही वाढ ग्रंथ, वाचक व सेवक या तिघांची आहे. आपण पहिल्या दोहोंची गणती करतो, तिसऱ्याची करीत नाही. १२ ऑगस्टला रंगनाथन यांची जयंती ग्रंथपाल दिन म्हणून साजरी होते. त्या दिवशी हारतुऱ्यांऐवजी दोन गोष्टी व्हाव्यात. वेतनाचे अनुदान इतर खर्चापासून वेगळे काढून ते दरमहा सेवकाच्या खात्यात जमा करण्याची मागणी संस्थांनी एकमुखाने करावी. आणि प्रत्येक वाचनालयाने आपल्या अहवालात सेवकांची संख्या, कामाचे तास आणि वेतन छापावे.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे, म्हणूनच ती अवघड वाटेल. या वाचनालयांचे सभासद बव्हंशी शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी आहेत. पहिल्या दोघांनी आपल्या वेतनश्रेणीसाठी मोर्चे काढले आहेत, तिसरा ती मिळावी म्हणून पहाटेपासून अभ्यासिकेत बसतो. त्याच्यासाठी पहाटे दार उघडणाऱ्याचा हिशेब वार्षिक सभेत उभे राहून विचारणे एवढे तरी सभासदांच्या हाती आहे. ते त्यांनी विचारले, तर अहवालातील ती शेवटची ओळ पुढील वर्षी थोडी वर सरकेल.