वारा, श्वास की आत्मा?

बायबलचा अर्थ लावणे प्रवचनात नव्हे, अनुवादातच सुरू होते. हिब्रू ‘रूआख’ आणि ग्रीक ‘प्न्यूमा’ या दोन्ही शब्दांचे अर्थ वारा, श्वास आणि आत्मा. योहानाच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायात तर एकाच वचनात तो ग्रीक शब्द आधी वाऱ्यासाठी येतो, मग आत्म्यासाठी. मूळ ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही एकदम घुमतात. मराठीत मात्र दोन वेगळे शब्द घ्यावे लागतात आणि तो धागा तुटतो.

बायबलचा मराठी अनुवाद करताना शब्दांची अशी निवड पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची कित्येक वर्षे केली. मराठी बायबल एकोणिसाव्या शतकातच छापून झाले होते, पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा रमाबाईंच्या केडगाव इथल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना कळत नसे. संस्कृतात ‘सरस्वती’ पदवी मिळवलेल्या रमाबाई त्यांच्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी बायबल मुद्दाम साध्या मराठीत उतरवले. हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले शब्दही त्यांनी टाळले. हा आग्रह सर्वांना पटणारा नाही, पण शब्दाबरोबर अर्थही येतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

छपाई मिशनच्याच छापखान्यात झाली. खिळे जुळवणारे हात बायकांचे होते: अक्षराचा एकेक शिशाचा खिळा उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत बसवायचा. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.