प्रौढशिक्षण आणि आपली बोली : पांढुर्णा-सौंसर परिसराच्या संदर्भात

प्रौढशिक्षण हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. कंदिलाचा मंद उजेड, हातात पाटी घेतलेले चार वयस्क स्त्री-पुरुष आणि त्यांना 'क कमळाचा' म्हणून दाखविणारा एखादा उत्साही तरुण. चित्र खोटे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हापासून ते आपल्या परिचयाचे आहे. परंतु या चित्रामागे एक गृहीतक दडलेले असते. पाटी घेऊन बसलेला मनुष्य कोरा आहे आणि त्याचे शिक्षण आज, या क्षणी, या पाटीवर सुरू होत आहे, असे आपण नकळत मानून चालतो. प्रस्तुत लेखाचा हेतू या गृहीतकाची आपल्या परिसरापुरती तपासणी करण्याचा आहे.

शिक्षणाचे तीन प्रकार अभ्यासक मानतात. फिलिप कूम्ब्स प्रभृतींनी १९७०च्या दशकात ही विभागणी रूढ केली. शाळा-महाविद्यालयांतून इयत्तांच्या पायऱ्यांनी मिळते ते औपचारिक शिक्षण. शाळेबाहेर, पण काही एक योजना आखून दिले जाते ते अनौपचारिक. साक्षरता वर्ग, शेतकरी मेळावे, शिवणवर्ग हे सारे त्यात येते. आणि कोणी न शिकविता, घरात, शेतात, बाजारात, देवळात जे अंगी मुरते ते सहजशिक्षण. आंबिया आणि मृग या दोन बहारांपैकी कोणता धरावा, त्यासाठी संत्र्याच्या झाडाला पाण्याचा ताण केव्हा द्यावा, हे ज्ञान आपल्याकडील बागाईतदाराने पहिल्यांदा पुस्तकातून घेतलेले नसते. सहजशिक्षण नेहमी हितकारकच असते, असेही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव या दोन बाजूंत होणारी गोटमार हीदेखील पिढ्यानुपिढ्या शिक्षकावाचून शिकली गेलेली गोष्ट आहे. प्रशासनाने वर्षानुवर्षे समजाविले, माणसे जखमी झाली, जीवही गेले, तरी ती विद्या विसरली गेलेली नाही. लोक जे परस्परांकडून शिकतात ते किती खोल रुजते, हे मात्र यावरून ध्यानात यावे.

आपल्या भागातील सामुदायिक शिक्षणाची जुनी केंद्रे शोधावयाची झाल्यास ती शाळेच्या इमारतीत सापडणार नाहीत. श्रावणात एखाद्या घरी पोथी लागे. एकजण वाची, वीसजण ऐकत. सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण चाले. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना ओव्या मुखोद्गत असत, आणि वाचणारा चुकला तर निरक्षर श्रोता त्याला थांबवीत असे. या प्रसंगातील शैक्षणिक मर्म पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. ज्याला मजकूर आधीच पाठ आहे तो छापील ओळीवर बोट ठेवून वाचनाऱ्याच्या मागोमाग जाऊ लागला, की अक्षर आणि उच्चार यांची सांगड त्याच्या मनात आपोआप बसू लागते. त्याला नवे शिकावयाचे असते ते केवळ चिन्ह. अर्थ, लय, शब्द हे सारे त्याच्यापाशी अगोदरच असते.

विदर्भातील दोन संतांनी या मार्गाचा जाणीवपूर्वक उपयोग केला. गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरांचा तास होता. ते श्रोत्यांना विचारीत, श्रोते उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. आणि स्वच्छता, कर्ज, व्यसन, मुलांची शाळा हे विषय एकामागून एक उलगडत जात. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी भजनाला सामुदायिक प्रार्थनेची जोड दिली, १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली आणि १९५५ साली ग्रामगीता सिद्ध केली. या ग्रंथाचे ४१ अध्याय म्हणजे खेड्याच्या संपूर्ण जीवनाचा अभ्यासक्रमच होय. विशेष असे की महाराजांनी भजने मराठीत रचली तशी हिंदीतही रचली. ज्या श्रोत्यांसमोर बसावयाचे त्यांची जीभ कोणती, हे ते आधी पाहत. शासकीय योजनांना हे तितकेसे साधले नाही.

ते का साधले नाही, हे समजण्यास थोडा इतिहास पाहावा लागेल. १९५६पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर पांढुर्णा आणि सौंसर हे मराठीभाषी तालुकेही राहिले. २०२३ साली या दोहोंचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तरी भाषेची स्थिती बदलली नाही. घरात मराठी, कचेरीत हिंदी. मुले शाळेत हिंदी शिकून दोन्हींत वावरतात. प्रश्न उरतो तो शाळेत कधीच न गेलेल्या, आज पन्नाशी-साठीत असलेल्या माणसांचा, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने प्रौढ साक्षरतेच्या जागी 'समाजशिक्षण' ही व्यापक कल्पना आली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. १९९० साली केरळातील एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर म्हणून घोषित झाल्यावर जिल्हावार मोहिमांची लाट देशभर पसरली. मध्य प्रदेशात १९९९ साली 'पढना-बढना आंदोलन' झाले. शिकणाऱ्यांनी आपली समिती करावी, आपला गुरुजी आपण निवडावा, ही त्यातील कल्पना मुळातच चांगली होती. २०२२पासून केंद्र शासनाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच 'उल्लास', पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी स्वयंसेवकांच्या आधारे चालविला जात आहे. १९५१ साली देशात शंभरांतील सुमारे अठरा माणसे साक्षर होती, २०११च्या जनगणनेत ती सुमारे त्र्याहत्तर झाली. या प्रयत्नांची थट्टा करण्याचे कारण नाही.

१९८८च्या अभियानाने साक्षर कोणास म्हणावे याचे माप ठरविले होते. सोपा उतारा मिनिटाला ३० शब्द या गतीने मोठ्याने वाचता यावा, मनात वाचताना ३५ शब्द. पाहून लिहिताना मिनिटाला ७ आणि ऐकून लिहिताना ५ शब्द. शिवाय शंभरपर्यंतचे अंक आणि व्यवहारातील साधे हिशेब. माप नेमके आहे. पण हे शब्द कोणत्या भाषेतील, हा प्रश्न आपल्या सीमाभागात त्या मापाच्या आधी येतो.

आणि येथे आपण मूळ मुद्द्यापाशी येतो. हिंदी आणि मराठी या दोहोंची लिपी देवनागरी असल्याने हिंदी प्रवेशिका मराठी माणसाला सहज चालेल, असे योजना आखणाऱ्यांना वाटते. वरवर ते बरोबरही आहे. प्रत्यक्षात काय घडते ते एका अक्षरावरून पाहू. हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत 'ळ' नाही. म्हणजे आपल्या शिकणाऱ्या बाईला जे शब्द जन्मापासून ठाऊक आहेत, त्यांतील डोळा, केळी, काळी माती, सकाळ, बाळ, एवढेच नव्हे तर ज्या जागी ती शिकावयास आली ती शाळा आणि समोर टांगलेला फळा, यांतला एकही शब्द तिला तिच्या प्रवेशिकेच्या अक्षरांत लिहिता येत नाही! गोष्ट येथे संपत नाही. वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या आपल्या बोलीत 'ळ'चा उच्चार पुष्कळदा 'य' होतो. ती बाई 'पोया' म्हणते, प्रमाण मराठीत 'पोळा' लिहितात, हिंदीत तोच सण 'पोला' होतो. बैल तेच, तोरण तेच, आणि शब्दाची रूपे तीन. स्वयंसेवक हिंदीत शिकलेला असेल तर तो तिचे 'पोया' चूक ठरवितो. मराठी व्याकरणाचा अभिमानी असेल तर तोही चूकच ठरवितो. दोन्हीकडून तिला एकच धडा मिळतो, तो म्हणजे आपल्याला बोलताही येत नाही. पुढल्या आठवड्यात ती येत नाही, आणि हजेरीपटावर कारण लिहिले जाते 'शेतीची कामे'.

'प्रौढ शिक्षा केंद्र' या पाटीविषयी तर काय सांगावे? हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत शिक्षा कशास म्हणतात हे शाळेत कान पिळून घेतलेल्या आपणा सर्वांस ठाऊक आहे. 'चेष्टा' या शब्दाचेही असेच. हिंदीत तो प्रयत्न, मराठीत थट्टा. शिकणाऱ्यांनी कधी एकाच्या जागी दुसरे समजून घेतले असेल, तर दोष त्यांचा म्हणता येणार नाही.

ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी १९६३ साली आंजिकोस या गावी सुमारे तीनशे निरक्षर श्रमिकांना अवघ्या चाळीस तासांच्या अध्यापनात वाचते-लिहिते केले, हा प्रयोग जगभर गाजला. त्यांची पद्धत वर्णमालेपासून सुरू होत नसे. आधी त्या वस्तीत जाऊन लोकांच्या तोंडी असलेले, त्यांच्या सुखदुःखाशी जडलेले मोजके शब्द गोळा करीत. त्या शब्दांवर चर्चा होई, मग शब्दांचे तुकडे पाडून त्यांतून नवे शब्द जुळविले जात. गाडगेबाबांनी फ्रेइरे वाचले नव्हते आणि फ्रेइरेंनी गाडगेबाबांचे कीर्तन ऐकले नव्हते. तरीही दोघांचे पहिले पाऊल एकाच ठिकाणी पडते. आपल्या परिसरासाठी असे शब्द निवडावयाचे ठरविले तर ते फार दूर शोधावे लागणार नाहीत. संत्रा, कापूस, वखर, विहीर, मजुरी, कर्ज, दवाखाना. 'विहीर' या एका शब्दावर पाण्याची पातळी, भावाभावांतील वाटणी आणि विजेचे बिल अशा तीन संध्याकाळी सहज जातील.

याचा अर्थ हिंदी शिकवू नये, असा मुळीच नाही. तसे म्हणणे शिकणाऱ्यावर अन्याय करणारे ठरेल. सीमेपलीकडे नरखेड-वरुडकडे नातेवाईक 'सातबारा', 'तलाठी', 'फेरफार' म्हणतात. अलीकडे त्याच कामांसाठी 'खसरा', 'पटवारी', 'नामांतरण' हे शब्द येतात. जमिनीचा कागद हिंदीत असतो आणि तो वाचता न आल्याने होणारे नुकसान खरेखुरे असते. नवऱ्याच्या पश्चात नाव चढविण्यासाठी पटवाऱ्याकडे गेलेल्या बाईस मराठी ओव्या वाचता येणे पुरत नाही. प्रश्न कोणती भाषा, हा नसून आधी कोणती, हा आहे. जी जिभेवर आहे तिच्यातून अक्षरे पक्की झाली की त्याच अक्षरांनी दुसरी भाषा वाचणे सोपे जाते. लिपी समान असल्याचा खरा लाभ येथे आहे. उलट क्रमाने गेल्यास अक्षरही अनोळखी आणि शब्दही अनोळखी, असे दुहेरी ओझे पहिल्याच दिवशी पडते. प्रस्तुत लेखकाच्या मते सीमाभागातील अनेक वर्ग मध्येच ओस पडण्याचे हे एक मुख्य कारण आहे, आणि आळस किंवा अनास्था यांचा क्रमांक त्यानंतरचा.

साक्षर झालेला मनुष्य पुन्हा निरक्षर होतो, हा दुसरा धोका. महाराष्ट्रात १९५९ साली साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम ही लोकसहभागाचा आदर्श मानली जाते. सारे गाव एकदम शिकावयास बसे आणि शेवटी समारंभ होई. तेथेही मोहीम ओसरल्यावर वाचावयास काही नसल्यामुळे मिळविलेली अक्षरे पुसली जाण्याचा अनुभव आला. आपल्याकडे तर नवसाक्षरास मराठीत वाचावयास काय मिळते? दुकानाच्या पाट्या हिंदी, नोटिसा हिंदी. नागपूरहून येणारी मराठी वर्तमानपत्रे आहेत, पण त्यांचा टंक बारीक आणि वाक्ये लांब. ज्या घरी पोथ्या होत्या तेथे त्या कपाटात गेल्या आहेत.

याउलट एक नवी वही मात्र घरोघर आली आहे. स्त्रियांच्या बचत गटांची, सरकारी भाषेत स्वसहायता समूहांची, नोंदवही. हप्ता किती, कर्ज कोणी घेतले, व्याज किती झाले, हे त्यात दर बैठकीला लिहिले जाते. बहुतेक गटांत लिहिणारी एकच असते आणि बाकीच्या अंगठा देतात किंवा कसेबसे नाव काढतात. प्रत्येक बैठकीत लिहिण्याची पाळी बदलली, तर प्रवेशिकेच्या कोणत्याही धड्यापेक्षा ती वही अधिक शिकवील. कारण तिच्यातील चूक स्वतःच्या पैशाची असते, आणि ती शोधल्याशिवाय कोणी उठत नाही.

माजी विद्यार्थ्यांना या कामी काही करावेसे वाटल्यास मोठा निधी उभारण्याची गरज नाही. शाळेचा एक वर्ग आठवड्यातून दोन संध्याकाळी मोकळा मिळाला, गावातल्या पोथ्या व भजनांच्या वह्या तेथे आल्या, आणि त्यांतील चार-चार ओळी मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून भिंतीला लावल्या, तर आरंभ होऊ शकतो. दुसऱ्या भिंतीवर खसऱ्याची एक नक्कल असावी. अक्षरे मोठी हवीत, हे आवर्जून सांगावेसे वाटते. मराठीत जवळचे वाचण्याच्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात, आणि शिकावयास येणाऱ्यांपैकी बहुतेक जण चाळिशी केव्हाच ओलांडलेले असतात. 'मला अक्षर लागत नाही' असे म्हणणाऱ्या कित्येकांना प्रत्यक्षात अक्षर दिसतच नसते. म्हणून पहिल्या संध्याकाळी पाट्या वाटण्याऐवजी डोळे तपासणारा कोणी बोलवावा आणि ज्यांना लागतील त्यांच्यासाठी चष्म्यांची सोय करावी. अक्षरओळख दुसऱ्या संध्याकाळपासून सुरू करता येईल.