काळ्या खिडकीचे कोडे

खोलीतला दिवा लागला नाही, तर आपण चटकन म्हणतो, "बल्ब गेला!" पण बल्बच गेला कशावरून? फ्यूज उडाला असेल, बटण बिघडले असेल किंवा साऱ्या गावाचीच वीज गेली असेल. अंधार मात्र प्रत्येक वेळी सारखाच! मग खरा दोष कसा ओळखायचा?

संगणकावर चित्रे काढणाऱ्यांपुढेही असेच कोडे येते. 'प्युअर डेटा' किंवा 'पीडी' नावाची एक विनामूल्य आज्ञावली आहे. अमेरिकेतील मिलर पकेट यांनी ती १९९० नंतरच्या दशकात तयार केली. तिच्यात पडद्यावर लहान लहान चौकटी मांडायच्या आणि त्या रेषांनी एकमेकींना जोडायच्या, की काम सुरू! पीडी मूळची ध्वनीसाठी. चित्रांसाठी तिला 'जेम' ही पुरवणी जोडतात. जेमची चित्रे एका वेगळ्या खिडकीत दिसतात. नवशिक्याची अडचण होते ती येथेच. कधी ही खिडकी उघडतच नाही, तर कधी उघडते पण काळीकुट्ट राहते.

अशा वेळी संगणकाला दोष देण्यापूर्वी, मित्रांनो, चित्र खिडकीपर्यंत कसे पोहोचते ते पाहा. ही एक साखळीच आहे.

पहिली कडी म्हणजे पुरवणी स्वतः. जेम पीडीत भरली गेली नसेल, तर 'जेमविन' ही खिडकीची चौकट तुटक रेषांची दिसते आणि ती तयार करता आली नाही, असा संदेश पीडीच्या मुख्य खिडकीत उमटतो. तो वाचायला विसरू नका. नावाचे स्पेलिंग चुकले तरी असेच घडते.

दुसरी कडी 'क्रिएट' या संदेशाची. जेमविनला तो मिळाला की खिडकी उघडते. पण उघडली म्हणजे चित्र काढू लागली, असे नाही! त्यासाठी जेमविनला '१' हा संदेशही द्यावा लागतो. ही झाली तिसरी कडी. मग दर सेकंदाला २० वेळा, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी, नवे चित्र काढले जाते. हा मूळचा वेग हवा तर बदलता येतो.

चौथी कडी 'जेमहेड'ची. प्रत्येक आकृतीची जोडणी या चौकटीपासून सुरू व्हावी लागते. घनाची चौकट नुसतीच मांडली आणि जेमहेडला जोडली नाही, तर तिला 'आता काढ' असे सांगणारे कोणीच नसते.

पाचवी कडी सर्वांत फसवी. येथे चित्र काढले जाते, पण दिसत नाही! जेममध्ये पाहणाऱ्याचा डोळा मध्यबिंदूपासून ४ एकके पुढे असतो. घन १० एकके पुढे सरकवला, तर तो तुमच्या पाठीमागे जातो. घनाला काळा रंग दिला, तर काळ्या पार्श्वभूमीत तो हरवतो. दोन्ही वेळा संगणकाने तुमची आज्ञा बिनचूक पाळलेली असते.

आता दोष शोधण्याची युक्ती. साऱ्या चौकटी एकदम बदलू नका. एका नव्या पानावर फक्त जेमविन, जेमहेड आणि घन मांडा. 'क्रिएट' आणि '१' हे संदेश द्या. पांढरा चौरस दिसला का? घन समोरून पाहिला की चौरसच दिसतो, तेव्हा घाबरू नका. चौरस दिसला, म्हणजे खिडकी व पुरवणी ठीक आहेत. दोष तुमच्या जोडणीत आहे. दिसला नाही, तर दोष आधीच्या कड्यांत आहे. एका प्रयोगाने निम्मी शंकास्थाने गळून पडली! मग मूळ जोडणीतील चौकटी एकेक करून मांडत जा. जी मांडताच चित्र नाहीसे होईल, तेथेच दोष.

शाळेत संगणक असेल, तर एक प्रयोग करा. चालू असलेल्या जोडणीतील एकेक कडी मुद्दाम तोडा आणि प्रत्येक वेळी काय दिसते ते वहीत टिपून ठेवा. काळी खिडकी कशामुळे काळी आहे, हे मग तुम्ही मित्रालाही समजावून सांगू शकाल. आणि पुढे सायकलचा दिवा किंवा प्रयोगशाळेतील विद्युत्मंडल बंद पडले, तर हीच रीत तेथेही वापरून पाहा.