लेकीकडं जर्मनीला निघताय? तूप घरीच ठेवा

मागच्या भागानंतर सुर्जीच्या एका ताईंचा निरोप आला. लेक जर्मनीत आहे, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलंय. "तीन महिन्यांचा व्हिसा भेटते म्हणतात, मंग काय काय तयारी करू?" हा भाग त्यांच्यासाठीच केला. नेहमीसारखं बोललेलंच थोडं साफसूफ करून इथं लिहून ठेवतोय, म्हणजे ऐकायला वेळ नसेल तर वाचता येईल.

ताई, पहिली गोष्ट. तीन महिने म्हणू नका, ९० दिवस म्हणा. १ जुलैला उतरून ३० सप्टेंबरला निघालात तर तीन महिने होतात, पण दिवस होतात ९२! उतरल्याचा दिवस धरायचा आणि निघाल्याचाही. माझ्या मावशीचं तिकीट मीच काढलं होतं, ९१ दिवसांचं. व्हिसाचे कागद लावताना ध्यानात आलं आणि तारीख बदलायला पैसे गेले. चूक माझीच, मावशी अजून आठवण करून देते. हे ९० दिवस कोणत्याही १८० दिवसांतले, आणि सगळ्या २९ शेंगेन देशांत मिळून मोजायचे. मधे आठ दिवस फ्रान्सला जाऊन आलं म्हणजे ते वेगळे धरतील, असं नाही. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद व्हायला लागली, त्यामुळं एक दिवस जास्त झाला तरी तो लपत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, पण इतकं शेवटाला ठेवू नका. निकाल साधारण १५ दिवसांत येतो, लांबला तर ४५ दिवसही लागतात, आणि बाळ काही व्हिसासाठी थांबत नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा, दोन पानं कोरी हवीत. मोठ्यांची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. त्यासाठी मुंबईची चक्कर पडली तर अमरावती-मुंबई गाडीचं तिकीट आधीच काढून ठेवा.

खरं अडतं ते नावांवर. आई-लेकीचं नातं दाखवायला लेकीचा जन्मदाखला लागतो. त्यात आईचं नाव एक, पासपोर्टवर दुसरं, असं आपल्याकडं घरोघरी असते. "सुमन" कुठं, "सुमनबाई" कुठं. हे आत्ताच, आज संध्याकाळी काढून पाहा. दुरुस्तीला किती चकरा लागतात ते तुम्हाला मी काय सांगू!

खर्चाची हमी लेक-जावयाला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून देता येते. त्या कागदाचं नाव फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. म्हणता नाही आलं तरी चालते, लेकीला बरोबर समजते. आणि विमा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा असल्याशिवाय व्हिसाच नाही. पण नुसता स्वस्त बघून घेऊ नका. बीपी-शुगर आधीपासून असेल तर त्याचा खर्च बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत, तेवढी ओळ एजंटाकडून वाचून घ्या. गोळ्या मुक्कामाला पुरतील इतक्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत.

आता बॅग. मावशीनं घरचं तीन किलो तूप कढवून डब्यांत भरलं होतं. मी म्हटलं, चालणार नाही. मावशी म्हणे, "काऊन बा? तुपानं त्याहीचं काय बिघडते?" बिघडते असं की युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचं आणि मांसाचं काहीही आत नेता येत नाही. तूप, पेढे, खवा, पनीर, सगळं विमानतळावरच्या कचऱ्यात जाते. जनावरांचे रोग येऊ नयेत म्हणून तो नियम आहे, आपल्या डब्याशी त्यांचं वैर नाही. संत्रीही नाही. आणि अंजनगावचे आपण, तर विड्याच्या पानांची गड्डी ठेवायचा मोह होणारच. पण ताजी पानं-फळं म्हणजे रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागते. सवलत फक्त केळी, नारळ, अननस, खजूर, दुरियान एवढ्यांनाच.

मग डिंकाचे लाडू? करून नेऊ नका, सामान न्या. डिंक, खारीक, सुंठ, वाळलेली पिंपळी, सगळं पाकीटबंद, वर नाव लिहिलेलं. तूप तिथं मिळते. सुपरमार्केटात बटरश्माल्त्स मागायचं, ते म्हणजे कढवलेलं लोणीच. मावशी पहिल्या दिवशी नाक मुरडून वास घेत बसली. आठ दिवसांनी फोनवर, "बरं हाय वो, रवाळ नाही तेवढं."

तिथल्या रीतींपैकी मावशीला जड गेली ती शांतता. रात्री १० ते सकाळी ६ आवाज करायचा नाही, आणि रविवारी दिवसभरच. मावशी रविवारी सकाळी खलबत्त्यात सुंठ कुटायला बसली आणि खालच्या आजीबाई दारात! भांडल्या नाहीत, पण लेकीला खाली मान घालावी लागली. रविवारी दुकानंही बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच. बाकी किरकोळ आहे. शेजारी न कळवता जायचं नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी द्यायच्या नाहीत, तिथं तो अपशकुन. हॉटेलात पाणीसुद्धा विकत, मात्र घरच्या नळाचं खुशाल प्या. प्लॅस्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की २५ सेंट मिळतात. ते काम मावशीनं कोणालाच करू दिलं नाही.

बाळ-बाळंतीण सुखरूप झाली आणि दोन दिवस हाताशी असले, तर जावयाला म्हणा, बेल्जियमला घेऊन चल. ब्रसेल्सच्या दक्षिणेला वॉटर्लू आहे. डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगड घेणारा आणि ३० तारखेला दौलतराव शिंद्यांशी आपल्याच सुर्जी-अंजनगावचा तह करणारा आर्थर वेलस्ली, तोच १८ जून १८१५ ला तिथं नेपोलियनशी लढला. मातीचा मोठा ढिगारा आहे, वर सिंह बसवलाय. व्हिसा हाच चालतो. त्याचं लंडनचं घर बघायचं असेल तर मात्र ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेल.

ताई, जन्मदाखला पाहिला की कळवा.